दाब म्हणजे दाब

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. कापडी पट्टा, रबरी फुगा आणि काट्याची तबकडी, एवढाच माझा संसार. बोटीने सामोआत आले, सवाईई बेटावरच्या दवाखान्यात राहिले आणि इथलेच झाले. इथली माणसे दणकट. काही दंडांना माझा पट्टा पुरायचाच नाही, तेव्हा सगळे मलाच हसत.

पुढे बॅटरीचे यंत्र आले आणि मला कपाटात टाकले. पालीने माझ्यावर अंडी घातली. फार वाईट वाटले. पण खाऱ्या हवेने ते नवे यंत्र बिघडले, तेव्हा नर्स लागीने मला पुसले, माझा काटा तपासून घेतला आणि पुन्हा कामाला लावले.

फुआतिनो आजीसारखी तलम चटई गावात कोणी विणत नसे. नातीच्या लग्नाची चटई तिने हाती घेतली होती. पण तिला काचबिंदू होता. 'डोळ्यातला दाब वाढलाय,' असे सांगून डॉक्टरांनी थेंब दिले होते. ते घालूनही तिला चटईच्या कडेच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

"फुआतिनो, कड कोंबड्यांनी खाल्ली वाटतं," विणणाऱ्या बायका चिडवत. ती हसायची, पण मनातून घाबरली होती.

आजी रक्तदाबाचीही गोळी घ्यायची. तिच्या दंडावर माझा काटा मात्र उतरत चालला होता. घरचे खूश होते. लागीला ते पटेना, कारण आजी उठताना खांब धरू लागली होती. एके दिवशी पहाटे लागी मला घेऊन तिच्या घरी आली आणि आजी अंथरुणात असतानाच तिने पट्टा बांधला. काटा फारच खाली गेला.

"आजी, गोळी कधी घेता?"

"संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. प्रार्थनेचा शंख वाजला की सगळं गाव घरात बसतं, मग विसरायला होत नाही. आणि एक जास्तीची घेते."

"जास्तीची कशाला?"

"डोळ्यातला दाब उतरायला. दाब म्हणजे दाब."

लागी रागावली नाही. "दाब दोन आहेत, आजी. डोळ्यातला दाब दार आतून लावून धरतो. रक्ताने ते ढकलून आत जायचं असतं. झोपेत रक्ताचा जोर तसाही कमी होतो, त्यात तुमच्या दोन गोळ्या. रक्त दाराशीच थांबतं आणि डोळ्याची नस उपाशी राहते."

"म्हणजे मीच माझे डोळे घालवले?"

"तुम्ही ते वाचवायलाच निघाला होतात."

लागीने लगेच शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जास्तीची गोळी बंद केली, नेहमीची सकाळी घ्यायला सांगितली आणि थेंब चालू ठेवले. माझा उतरता काटा पाहून सगळे हुरळले होते, तेव्हा तो का उतरला हे एकट्या लागीने विचारले. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना विचारत जा, कोणती गोळी घेता, कधी घेता. आपल्या मनाने गोळी वाढवू देऊ नका, सोडूही देऊ नका. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. आजीचीही आली नाही, पण उरलेली टिकली. चटईची कड तिने बोटांनी चाचपत पुरी केली.

लग्नाच्या दिवशी नात तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंची माणसे आजीला दिसली नाहीत. नात दिसली.