सुरळीत चित्र

दवाखान्यातल्या खोलीत घरच्यांना सोडत नव्हते. थोरल्याला पाहायचं ते घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच, आणि व्हिडिओ सारखा अडकत होता.

"अरे, त्याचा श्वास चालू आहे एवढं तरी दिसू दे," आई हात जोडून म्हणाली.

"आई, हा डबा म्हातारा झालाय. एका वेळी एकच काम झेपतं त्याला." धाकट्याने बाकी सगळं बंद केलं, चित्राचा दर्जा उतरवला. चित्र धूसर झालं, पण न अडकता चालू लागलं. नर्स आली आणि सावकाश सलाईनची नळी काढू लागली.

आईची नजर मात्र थोरल्याच्या छातीवरच होती.

"हलत नाही रे. परत अडकलं का?"

नर्स आता नळी गुंडाळत होती.

"हो आई," धाकटा म्हणाला, "अडकलंय."