तारेचा उलटा पीळ

आत्याला आमचं जुनं घर दाखवायला न्यायचं मी दोन वर्षं टाळत होतो. आधी तिचे गुडघे, मग माझं ऑफिस, मग ऊन. कारणांना काय तोटा? शेवटी ती म्हणाली, "अरे, मी मेल्यावर नेणार आहेस का?" मग माझा नाइलाज झाला.

शहराच्या इतिहासाचं संग्रहालय म्हणजे ओळीनं पाच जुनी घरं आणि त्यांच्या बागा. चौथं घर आमचं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. घर संग्रहालयाला दिलं तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "बाग कुणी केली?" मी फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होतो. "बाबांनी," म्हणून मोकळा झालो. जिभेला काय, हाड थोडंच असतं! बाबांनी जन्मात झारी उचलली नव्हती. नखात माती गेली तर घड्याळाचं काम बिघडतं म्हणायचे. बाग चाळीस वर्षं आत्यानं केली. तीही डाव्या हातानं. लहानपणी आजोबांच्या पट्टीचा मार खाऊनही तिनं हात बदलला नव्हता.

फलक लागला तेव्हा मला माझी चूक दिसली. एक फोन पुरला असता. लाज वाटली, म्हणून तोही केला नाही.

आता ती नेमकी त्या फलकापाशीच थांबली. "चष्मा घरी राहिला. वाच रे."

मी घसा खाकरला आणि वाचलं, "ही बाग घड्याळवाल्यांच्या धाकट्या बहिणीनं चाळीस वर्षं जोपासली."

"असं लिहिलंय? माझं?" ती इतकी खूश झाली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गुलाबाच्या वेलीमागून संग्रहालयाचा माळी आला. हातात पक्कड. आत्याला कुठला धीर! "आम्ही याच घरातले," तिनं सांगून टाकलं.

"मग एक सांगा," माळी म्हणाला. "या वेलीच्या तारा सोडवताना माझी पक्कड दर वेळी चुकते. सगळे पीळ उलटे! फलकावर लिहिलंय, बाग घड्याळवाल्यांनी स्वतः केली म्हणून. ते डावखुरे होते का हो?"

माझी पाचावर धारण बसली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हो," ती माळ्याला म्हणाली. "डावखुराच होता दादा."

"तरीच!" म्हणत माळी हसला. मला त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं, "बाबा नव्हे, ही." मी खिशातून फोन काढून त्यात बघू लागलो.

"चल, ऊन वाढलं," आत्या म्हणाली. डाव्या हातातली काठी तिनं उजव्या हातात घेतली, आणि माळ्याच्या देखत, अडखळत, तशीच फाटकापर्यंत चालत गेली.