सोडून दे

“कोण येणार हो?” सकाळपासून हा प्रश्न ताईंना इतक्या जणांनी विचारला होता, की जणू मतपेट्या त्यांच्याच टेबलाखाली ठेवल्या होत्या. ताई शेअर दलालाच्या कचेरीत फोनवर बसत. गिऱ्हाइकाने सांगायचं आणि त्यांनी कॉम्प्युटरवर शेअर घ्यायचे किंवा विकायचे, एवढंच काम. पण मतमोजणीचा दिवस उजाडला की शहाणीसुरती माणसंही ताळतंत्र सोडत. शिंप्याने सगळे शेअर विकायला लावले, चहा गार व्हायच्या आत परत घ्यायला लावले, आणि वर ताईंनाच विचारलं, तुम्ही मला अडवलं का नाही? दातांचे डॉक्टर पेशंटला आ करून बसवून भाव विचारत होते. सरकार पडणार असं टीव्हीवर कुणी म्हटलं की बाजार गडगडे. ताईंचं डोकं पार उठलं होतं.

त्यातच मावशींचा फोन आला. मावशींनी नळांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलापाशी, उभं आयुष्य उभ्याने काढलं होतं. कंपनीने कामगारांना कधीतरी थोडे शेअर दिले होते. बाकीच्या बायका ते विकून मोकळ्या झाल्या. मावशींनी जपले, कारण शेअर असला की कंपनीच्या वार्षिक सभेत खुर्ची मिळते आणि मालकांना प्रश्न विचारता येतो. गेल्या वर्षी त्यांनी माइक धरून विचारलं होतं, पॅकिंगच्या बायकांना बसायला स्टूल का नाही? मालकांनी चारचौघांत शब्द दिला होता. यंदा मावशी त्याचा जाब विचारणार होत्या. ताईंना हे सगळं पाठ होतं, कारण मावशी दर फोनला तेच सांगत.

आज शेजारणीने घाबरवलं म्हणून त्यांनी फोन केला होता.

“भाव पडतोय म्हणे आमच्या कंपनीचा?”

“पडतोय, मावशी. काय करायचं?”

“जाऊ दे गं. सोडून दे.”

बाजूचा फोन बोंबलतच होता. तरी ताईंनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, “सगळे सोडू ना?”

“हो गं बाई, सगळं सोडून दे.”

कचेरीत विकण्याला सगळे ‘सोडणं’च म्हणत. एरवी ताई चमकल्या असत्या. पण आज सगळं गावच येड्यासारखं विकत सुटलं होतं, तर मावशींचं काय नवल? ताईंनी शेअर सोडले आणि दुसरा फोन उचलला.

दुपारी आकडे फिरले. सरकार टिकलं, बाजार उसळला. बाजार बंद झाल्यावर मावशी खुशीत कचेरीत आल्या, शेजारणीची कशी जिरली ते सांगायला. ताई म्हणाल्या, अहो, तुम्ही तर सकाळीच विकलेत. मावशींना आधी ती थट्टाच वाटली.

“अगं, सोडून दे म्हणजे नाद सोड, मनावर घेऊ नकोस. विक म्हटलं का मी?”

कचेरीचे साहेब धावत आले. त्यांनी फोनचं रेकॉर्डिंग लावलं, दोनदा ऐकवलं आणि आपली बाजू पक्की आहे म्हणून ते गारही झाले. उद्या परत घ्या की, म्हणाले. ताईंना त्यांचा असा संताप आला, की त्या पहिल्यांदाच साहेबांवर कडाडल्या. सभेला कुणी बसायचं याची यादी उद्याच बंद होणार होती. उद्या घेतलेले शेअर परवा नावावर येणार. म्हणजे यंदा मावशी दाराबाहेर.

ताईंना स्वतःची लाज वाटत होती. मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बोलले तर मीच,” मावशी म्हणाल्या. “एवढी निवडणूक झाली, सगळ्यांच्या खुर्च्या शाबूत राहिल्या. गेली ती माझीच.”

ताईंनी आपली खुर्ची पुढे केली. मावशी बसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि साहेबांकडे तोंड करून, सभेसाठी घोकून ठेवलं होतं तसं, खणखणीत आवाजात विचारलं, “गेल्या वर्षी स्टुलं देतो म्हणालात. कुठे आहेत?”

साहेब ताईंकडे बघू लागले. फोन वाजत होता. ताईंनी तो उचलला नाही.