कॅसेटच्या खाचेतला कागद

गॅसवरचं दूध उतू गेलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं रेवती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. पण दूध उतू गेलं होतं, ती स्वयंपाकघरात धावली होती, आणि तेवढ्या वेळात दीड वर्षाच्या आरोहीनं टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं होतं.

एरवी रेवती लेकीवरून नजर हटवणारी नव्हे. आरोहीला एक शिंक आली तरी तिचा हात थर्मामीटरकडे जायचा. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते लेकीच्या हातात जायचं नाही, आणि शेंगदाण्याचा डबा तर पोरीच्या जन्मापासून सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसला होता. सुलभाताई, म्हणजे सासूबाई, हसायच्या.

"आमचे पोट्टे मातीत लोळून मोठे झाले व माय."

"झाले म्हणून सांगता येतंय, आई," रेवती म्हणायची.

त्या गुरुवारी तर तिनं नेहमीपेक्षा जास्त काळजी घेतली होती. कारण ती कॅसेट साधी नव्हती. तिच्यावर दोनशे बारा माणसांचा जीव टांगलेला होता.

त्याचं असं की चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर 'चौकी ध्रुवतारा' नावाची हिंदी मालिका लागायची. पृथ्वीपासून फार लांब, अंधारात एकट्या उभ्या असलेल्या एका चौकीवरच्या सात माणसांची गोष्ट. यान थर्माकोलचं होतं, आणि परग्रहावरचे धोंडे कुणाचा पाय लागला की घरंगळत जायचे. पण सुलतानपूरच्या पोरांना त्यात काही खोटं दिसलं नाही. लोणारचं विवर उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोरांना आभाळातून काहीही येऊ शकतं हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. रेवतीचे सासरे शरच्चंद्र त्यातलेच एक. आता ते गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण मोबाइलवर सकाळी पहिला निरोप अजून त्या चौकीचाच असायचा.

'चौकी जागी आहे' असं त्यांच्या दोनशे बारा जणांच्या ग्रुपचं नाव. एकानं सकाळी "चौकी?" विचारायचं आणि बाकीच्यांनी "जागी आहे" म्हणायचं, हा तिथला रामराम. गेल्या महिन्यात मालिकेतल्या कप्तान निहारचं काम करणारे नट वारले, आणि ग्रुपवर आठवणींचा पूर आला. वडनेर भोलजीच्या एकानं लिहिलं, बुटाच्या पॉलिशच्या डबीचं झाकण छातीला लावून आपण वर्षभर कप्तान होऊन फिरलो. नांदुऱ्याच्या डिंपलताईंनी लिहिलं, कप्तान जखमी झाला त्या आठवड्यात त्यांच्या आजीनं मारुतीला नारळ कबूल केला होता. आणि त्यातूनच जुनं भांडण वर आलं. शेवटच्या भागात, सगळ्यांना पृथ्वीकडे पाठवून एकटा मागे राहिलेला कप्तान नेमकं काय म्हणाला?

"दिया जलाए रखना," असं वरवट बकालचे जानराव शपथेवर सांगत होते.

"काहीतरीच. 'मैं लौटूँगा' म्हणाला. मी रडले होते, मला विचारा," डिंपलताईंचं उत्तर.

खरं-खोटं करायला काही उरलं नव्हतं. मालिकेच्या मूळ टेपा केव्हाच पुसून त्यांच्यावर दुसरं काही भरलं गेलं, असं सगळे मानत होते. मग एका सकाळी शरच्चंद्रांनी दोनच ओळी लिहिल्या. 'माझ्याकडे शेवटच्या भागाचा आवाज आहे. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरला होता.'

दुपारपर्यंत मोबाइल गरम झाला. ठरलं असं : शनिवारी अकोल्याहून कुलदीप येणार. तो लग्नांत डीजे लावायचा, वडिलांमुळे मालिकेच्या नादी लागला होता. तो कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेणार, आणि रविवारी अकराला सगळ्यांनी फोनवर एकत्र ऐकायचं.

"ते मशिन तूच पाह्य बाई," शरच्चंद्र सुनेला म्हणाले होते. "मले भीती वाटते. पंधरा वर्षं झाली, लावलीच नाई मी. तू बीएस्सी झालेली, तुह्या हातून बिघडणार नाई."

हेच वाक्य आता रेवतीच्या छातीवर बसलं होतं.

तिनं सगळं वाचून काढलं होतं. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून टेपरेकॉर्डरचं आतलं हेड पुसलं होतं. आधी भजनाची एक कॅसेट लावून पाहिली होती. जुनी फीत चिकटते म्हणून ही कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घेतली होती. आणि तिनं तेही पाहिलं होतं : कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही दात मोडलेले आहेत की नाहीत. ते मोडलेले असले की वरून काही भरता येत नाही, असं तिनं वाचलं होतं. दात मोडलेले होते. एका खाचेत तपकिरी काहीतरी ठासून बसलं होतं, पण तो तिला चाळीस वर्षांचा मळ वाटला. मळ खरवडायला गेलं तर कॅसेटला धक्का लागेल म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. शेवटचा भाग नीट वाजतोय ना, एवढं ऐकलं, कप्तानाचा आवाज सुरू झाला तशी थांबवली. आणि दूध उतू गेलं.

परत आली तेव्हा चाकं फिरत होती, लाल बटण खाली होतं, आणि आरोही त्या फिरणाऱ्या चाकांशी मन लावून काहीतरी बोलत होती.

तिनं मागे घेऊन ऐकलं. कप्तान म्हणत होता, "मेरे साथियो, आज इस चौकी की आख़िरी रात है। याद रखना..." मग खट्. मग "ताता. बू. बू ताता." लांबून दुधाचा फस्स आवाज, भांडं आदळल्याचा आवाज. आणि रेवतीची स्वतःची किंकाळी : "आरू! नाही नाही नाही, हात काढ!" मग परत खट्, आणि शेवटचं संगीत. तिनं तिथेच बंद केलं. घड्याळ लावून मोजलं. एक्केचाळीस सेकंदं.

सुलभाताई दारात उभं राहून ऐकत होत्या.

"पुसलं गेलं काय व?"

रेवतीनं मान हलवली. बोलायला गेली तर रडू फुटणार होतं.

"सांगू नको मंग," सुलभाताई हळू म्हणाल्या. "जुनी टेप हाय, खराब झाली म्हणजो. चाळीस वर्षांत माणसं खराब होतात. लेकराचं नाव काऊन घ्याचं?"

रेवतीलाही ते सुचलं नव्हतं असं नाही. आरोही तिच्या पायाला धरून उभी होती, तोंडात फ्रॉकची कड. बाबा, म्हणजे शरच्चंद्र, रागावणारे नव्हते. त्याचीच तिला जास्त भीती होती. ते "जाऊ दे" म्हणतील, आणि उद्यापासून आरोहीकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत ती एक्केचाळीस सेकंदं दिसतील. लपवलं तर ती दिसणार नाहीत. पण मग तिला स्वतःला दिसत राहतील.

शरच्चंद्र साडेपाचला शाळेतून आले. हातपाय धुतले, नातीला उचललं, चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले.

"लावून पाह्यली काय मंग?"

"बाबा," रेवती म्हणाली. तिनं टेपरेकॉर्डर त्यांच्यासमोर ठेवला. "आधी ऐका. पोरीला काही बोलू नका. चूक माझी आहे."

आणि तिनं बटण दाबलं.

"मेरे साथियो..." शरच्चंद्रांचा चेहरा पोरासारखा उजळला. मग खट्. 'बू ताता.' त्यांच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला. किंकाळी आली तेव्हा मांडीवरची आरोही आईचा आवाज ओळखून हसली. संगीत सुरू झालं. रेवतीनं बंद करायला हात पुढे केला.

"नको," शरच्चंद्र एकदम म्हणाले. "चालू राहू दे. हात लावू नको."

संगीत संपलं. टीव्हीवरची निवेदिका काही तरी बोलली. रेवती त्यांच्याकडे पाहत होती. ते डोळे मिटून, मान पुढे काढून बसले होते, निकाल लागायच्या वेळी पोरं बसतात तसे. खोकल्याचा आवाज आला. खोलीत खूप माणसं असावीत अशी कुजबुज. आणि मग अगदी जवळून, टेपरेकॉर्डरच्या शेजारी बसून बोलावं तसा एका बाईचा आवाज :

"सरका रे पोट्टेहो, सरका जरासे. दारात लेकरं उभी हायेत कवाची."

शरच्चंद्रांनी श्वास सोडला. कप खाली ठेवला.

"हाय," ते म्हणाले. "हाय, हाय. राह्यलं."

"आत्याबाईचा आवाज," सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. सरस्वतीबाई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. रेवतीनं त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं, भिंतीवर, ओठ घट्ट मिटलेल्या.

"मले वाटलं हेही गेलं," शरच्चंद्र म्हणाले. "कप्तानाचं सोड बाई. मी ही कॅसेट ह्याच्यासाठी ठेवली."

"पण ग्रुपवर सगळे..."

"थांब, तुले सांगतो." त्यांनी कॅसेट बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. "ही खाच पाह्यली? ह्याच्यात काय हाय?"

"मळ आहे."

"मळ नाई. कागद हाय. मीच ठासला." ते नातीच्या डोक्यावरून हात फिरवत बोलू लागले. "ह्या कॅसेटवर आधी मायचीच गाणी होती. भुलाबाईची. अण्णांनी, माह्या वडलांनी, हौसेनं भरली आन् कोणी पुसू नाई म्हणून दात मोडून ठेवले. शेवटच्या भागाच्या दिवशी मले कोरी कॅसेट भेटेना. दुकान बंद. सोळा वर्षांचा होतो, डोक्यात चौकी. वहीचं पान फाडलं, खाचेत बोळा घातला, आन् मायच्या गाण्यावर कप्तान भरला."

आरोही रिकाम्या टेपरेकॉर्डरचं झाकण उघडझाप करत होती.

"अण्णा लय भडकले. मी मायसमोर जाईच ना. दोन दिवसांनी तिनंच जेवायले हाक मारली. म्हणे, काऊन तोंड लपवून राह्यला बे? माह्या आवाजाचं काय एवढं, मी हावो ना घरात." शरच्चंद्र हसले, पण डोळे पुसले. "ते खरंच होतं. तेव्हा होती ना घरात."

रेवती आता मात्र रडलीच. सगळ्या दुपारचं एकदम. आरोही घाबरून तिच्याकडे झेपावली.

"बाबा, शेवटी काय म्हणाला होता तो? तुम्हाला तर आठवत असेल."

शरच्चंद्रांनी कॅसेट हातात फिरवली. "तेच तर. दिव्याचं काही तरी होतं असं वाटते. पण जानरावनं इतक्यांदा सांगितलं, आता मलेही नक्की सांगता येत नाई."

शनिवारी कुलदीप आला. कानावर मोठे हेडफोन चढवून त्यानं सगळं लॅपटॉपवर उतरवलं आणि एका ठिकाणी कपाळाला हात लावला. "काका, हे मधलं बाळाचं काढून टाकू? नुसतं संगीत घालतो तिथं, कळणार पण नाही. मागचा गलका पण साफ होईल."

"एक अक्षर काढू नको," शरच्चंद्र म्हणाले. "गलका तर अजिबात नको."

रविवारी अकरा वाजता दोनशे बारातले एकशे चौसष्ट जण ऐकायला बसले. सुरुवातीलाच शरच्चंद्रांनी सांगून टाकलं की मधली एक्केचाळीस सेकंदं घरात पुसली गेली. कुणाच्या हातून ते सांगितलं नाही. रेवती दाराआड उभी होती, आरोहीला कडेवर घट्ट धरून. कप्तान बोलू लागला. खट् झालं. 'ताता. बू.' पलीकडे इतकी शांतता, की तिला वाटलं फोन बंद पडला.

मग जानरावांचा आवाज आला. "हे लेकरू कोणाचं बे शरद?"

"माही नात हाय. चौकीवर नवीन भरती हाय."

कुणीतरी खो खो हसलं. डिंपलताई म्हणाल्या, "म्हणजे आता आमचं भांडण काही मिटत नाही तर!" आणि त्या आवाजात रेवतीला वाटलं होतं तसं दुःख नव्हतं. भांडण हातून गेलं नाही, याचा आनंदच होता. जानरावांनी लगेच "दिया जलाए रखना" पुन्हा ठणकावलं. तेवढ्यात संगीत संपलं, निवेदिका बोलली, खोकला आला, आणि सरस्वतीबाई म्हणाल्या, "सरका रे पोट्टेहो, सरका जरासे. दारात लेकरं उभी हायेत कवाची."

जानराव बोलता बोलता थांबले.

"शरद," ते म्हणाले, आणि आवाज ओळखू येईना. "हे काकू ना बे? तेव्हा आम्ही सुलतानपुरात होतो. त्या दारातल्या लेकरांत मी हावो. मी आन् माहा लहान भाऊ. त्याले खांद्यावर घेऊन उभा होतो मी. काकूनं आम्हाले पुढे बसवलं." त्यांनी घसा खाकरला. "पुन्हा एकदा लावता काय हो? तेवढंच."

कुलदीपनं पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा.

सगळं आटोपल्यावर रेवतीनं केसातली पिन काढली आणि कॅसेटच्या खाचेतून तो कागदाचा बोळा अलगद उकरून काढला. आता वरून काही भरता येणार नव्हतं. बोळा उलगडला तर आत पेन्सिलीनं काढलेला अर्धा त्रिकोण होता आणि एक कोन, सोळा वर्षांच्या पोराच्या हातचा. ती तो शरच्चंद्रांना दाखवायला वळली, तर कागद हातात नव्हता.

"आरू! नाही नाही, तोंड उघड!"

"असू दे व," सुलभाताई म्हणाल्या, "कागदच तर हाय."

पण रेवतीनं बोट घालून तो काढलाच. ओला, चावलेला. शरच्चंद्रांनी तो तळहातावर घेतला आणि वाळवायला खिडकीत ठेवला. वर जड असावं म्हणून पितळेची वाटी पालथी घातली. आरोही त्या वाटीकडे पाहत उभी राहिली, आणि रेवती आरोहीकडे.