तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद

सोमवारी सकाळी अकरा वाजता कंपनीने ‘चुलीपाशी चौघी’ ही जुनी मालिका आपल्या अ‍ॅपवरून काढून घेतली आणि आमचं स्वयंपाकघर गेलं. दार होतं तिथे पिस्ता रंगाची सपाट भिंत आली. आमचे हे तेव्हा आत होते. मीच बजावलं होतं, “तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करा.” दोन झाल्या होत्या.

वीस वर्षांपूर्वी त्या मालिकेचं शूटिंग आमच्या कोल्हापूरच्या घरी झालं. दिग्दर्शकाला आमच्या ओट्यावरची खिडकी आवडली. ह्यांना काय, आपला ओटा टीव्हीवर दिसणार! कागद न वाचता सही ठोकली आणि गल्लीभर पेढे वाटले. कागदात लिहिलं होतं, मालिकेत जे जे दिसेल ते कंपनीचं. त्रेचाळिसाव्या भागात पाठमोरे उभे राहून चहा गाळणारे हेच. मी तेव्हा बाहेर शूटिंगवाल्यांसाठी पोह्यांचे कांदे चिरत होते. कुठेच दिसले नाही, म्हणून उरले.

पायात चपला सरकवून कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मांडण्यांवर स्वयंपाकघरं, माजघरं, झोपाळे नीट रचून ठेवले होते. आमचं चौथ्या फळीवर होतं, वरून प्लास्टिक घातलेलं. आत ह्यांची पाठ दिसत होती.

कसबेकर नावाच्या साहेबांनी मला खुर्ची दिली.

“काकू, जुनं सतत समोर राहिलं तर नवं कोण बघणार?”

“आणि माझा नवरा?”

“सुरक्षित आहे. आम्ही काही दडवत नाही, फक्त दुर्मीळ ठेवतो.”

“सोडणार कधी?”

“लोकांना आठवण यायला लागली की. गौरी-गणपतीत, दोन दिवस, दुपारचं.”

“तोवर वरण करपेल ओ!”

त्यांनी एका चिठ्ठीवर ‘वरण’ असं लिहून घेतलं.

आठवणच हवी ना? मी अख्खी गल्ली पालथी घातली. गिरणीवाले म्हणाले, “वहिनी, त्यो ओटा इसरंल व्हय कोण?” शेजारच्या शकूवहिनी तर माझ्याआधी रडल्या. तीनशे जणांनी आठवण येते म्हणून सह्या केल्या. तो गठ्ठा घेऊन मी परत ऑफिसात गेले.

कसबेकर खूश झाले. “एवढी मागणी! मग आता पाच वर्षं तरी सोडता येणार नाही.”

मी कपाळाला हात लावला. “आणि कुणालाच आठवण आली नाही तर?”

“तर फळी कशाला अडवायची? पुसून टाकतो.”

“म्हणजे मी करायचं तरी काय, डोंबल?”

“एवढीच आठवण काढा,” ते म्हणाले आणि बोटांची चिमूट करून दाखवली.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, जरा कमी करा. ऐकतंय कोण! शकूवहिनी रोज येऊन भिंतीशी उसासे टाकायच्या आणि प्रत्येक उसाशाला भिंत वीतभर पुढे सरकायची. बुधवारी टीव्ही गेला. गुरुवारी सोफा बाहेरच्या दाराला टेकला. मला ह्यांची आठवण येत होती, चिमटीत मावणार नाही एवढी येत होती, आणि ती लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता.

शुक्रवारी कंपनीची एक मुलगी माझी आठवण तपासायला आली. जागा नव्हती, म्हणून आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तिच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या, ‘येते’ आणि ‘येत नाही’.

“मधली नाही का?”

“नाही ओ काकू.”

मी तोंड घट्ट मिटून बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“अगं,” हे आतून ओरडले, “ही दुसरी की तिसरी?”

छत्तीस वर्षांत या माणसाला शिट्ट्या मोजता आल्या नाहीत. मला असा राग आला!

“अगं, सांग ना! बंद करू?”

मुलीने पेनाचं टोपण काढलं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वरण करपल्याचा वास यायला लागला होता.