डोंगरातली रोमन छावणी

नागपूरला तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या सुवर्णाताई लेकाकडे, अमेरिकेत बॉथेलला आल्या होत्या. रविवारी देवांगने त्यांना डोंगरात नेलं. देवदारांच्या मधोमध रोमन छावणीचे अवशेष पाहून त्या गोंधळल्या.

"अरे, रोमन लोक अमेरिकेत कधी आले?"

"नाही आले, आई. हे त्या तिथल्या आजोबांनी बांधलंय. त्यांच्या बायकोला असे अवशेष बघायचे होते, पण प्रवास झेपेना."

"म्हणून मुद्दाम पडकं बांधलं? मग बायकोने पाहिलं का?"

"अर्धं झालं तेव्हाच गेल्या त्या. आजोबा अजून बांधतायत."

पलीकडे आजोबा दगड रचत होते. हे खोटं म्हणावं की खरं, सुवर्णाताईंना कळेना. त्यांनी एक दगड उचलून आजोबांच्या हाती दिला.