पिस्तुलाचं वय

उर्पोने तेलकट फडक्याची गाठ सोडली, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि ते खिडकीपाशी नेलं. डिसेंबरातला उजेड तो, दुपारीच मान टाकणारा. आहे तेवढ्यात उरकायला हवं होतं.

“लाहती बनावटीचं! आपल्याच सैन्याचं. हा चौकोनातला शिक्का बघा, औनेकाकू.”

“बघायचं काय त्यात? बाबा गेल्यापासून सौनाच्या न्हाणीघराच्या माळ्यावर पडलंय. आधी कॉफी घे. बायकोकडे तरी इतकं निरखून पाहतोस का रे?”

“बायकोवर नंबर नसतो ना!”

औने हसली, पण हात मात्र ॲप्रनला पुसतच राहिली. जुनी लष्करी पिस्तुलं जमवण्याच्या नादापायी उर्पोची दोन कपाटं भरली होती. तरी इतकं कोरं, न झिजलेलं लाहती त्याच्याकडे नव्हतं. तोंडाला नुसतं पाणी सुटलं होतं.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “पोलिसांना कळव, परवाना काढ, काय ते कर. फक्त एक सांग. लढाईतलंच आहे ना हे?”

“का?”

“बाबांनी जाताना सांगितलं. माघार घेताना तौनो पळत सुटला. शेजारच्या घरचा, मिसरूडही न फुटलेला पोर. अधिकाऱ्याने हुकूम सोडला, आणि बाबांनी तौनोच्या पाठीत गोळी घातली. याच पिस्तुलाने, म्हणाले. घरी कळवलं, शत्रूच्या गोळीने गेला.” तिने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला. “दर वर्षी आजच्या दिवशी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावते. बाबांच्या एकदाही नाही लावली. मनच होत नाही रे.”

उर्पोने खिशातून भिंग काढलं, नंबर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“काकू, हे लढाई संपल्यानंतर बनलंय.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. तौनो गेला तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. बाबा पुढे सीमेवर पहाऱ्याला होते ना? तिथलं असणार.”

औने खुर्ची ओढून बसली. “अरे देवा! म्हणजे नाही मारला त्यांनी!”

शब्द उर्पोच्या ओठांवर आले होते. त्याने वेलचीच्या पावाचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत राहिला. औने त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“गीळ आधी, ठसका लागेल,” ती म्हणाली. “तेव्हाचं पिस्तूल दुसरं असेल. एवढं मलाही कळतं.”

“असेल. नसेलही. शेवटच्या दिवसांत त्यांना भ्रम होत होता, तुम्हीच सांगायचात.”

“होत होता खरा.”

ती उठली, जाड लोकरी बूट चढवले, कोट घातला. कपाटाचा खण उघडून तिने नेहमीसारखी एक जाड मेणबत्ती पिशवीत टाकली. खण लोटता लोटता हात थांबला. मग तिने आत चाचपून आणखी एक काढली.

“चल, गाडी काढ. आणि अंगणातलं फावडं घे.”

“फावडं कशाला?”

“बर्फ साचलाय कब्रस्तानात. दोन ठिकाणी उकरायचंय.”